सेमगोलची अकरा खाचरं

मी सात नंबर बोलतोय. सोनाम तालुक्याच्या अवजार भाडे केंद्रातलं भातलावणीचं यंत्र. माझ्या पाठीमागे रोपांचे ट्रे ठेवायची उतरती फळी आहे, तिच्याखाली सहा हात आहेत आणि प्रत्येक हाताला रोपं उचलून चिखलात रोवणारी बोटं. एका फेरीत मी सहा ओळी लावतो. मला दुसरं काही येत नाही.

तेगू शहराजवळच्या कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी जाणार. गोठ्याशेजारी जागा मिळेल, घरातली माणसं नावानं हाक मारतील. पण ट्रक थांबला तो तालुका कचेरीच्या पत्र्याच्या शेडसमोर. प्यो गीथे नावाच्या फिटरनं माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगात ७ काढला आणि म्हणाला, "घे. आता तू सगळ्यांचा."

सगळ्यांचा म्हणजे काय, ते पहिल्याच हंगामात कळलं. ज्यांची दोन-चार खाचरं, ज्यांना माझ्यासारखं यंत्र विकत घेणं कधी जमणार नव्हतं, त्यांनी वहीत नाव लिहायचं आणि ठरल्या दिवशी मला घेऊन जायचं. परत आणताना धुऊन आणायचं, हा नियम. पुरुष बहुधा पुढून धुतात, बायका खालून धुतात. चिखल खालीच असतो. रांग चुकली की चालवणारा मला लाथ घालतो, आणि रांग सरळ आली की स्वतःची पाठ थोपटतो. मी हे सगळं मुकाट्यानं सोसलं. कारण केंद्राच्या वहीत माझं नाव सतत असायचं आणि मे-जूनमध्ये मला एक दिवसही रिकामा मिळायचा नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी तोंड उघडलंय ती सांगतो. त्या वेळी मला सहा हंगाम झाले होते.

सेमगोल हे आमच्या तालुक्यातलं एक अरुंद खोरं. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना त्रेचाळीस खाचरं. खोऱ्याच्या तोंडाशी मोठा रस्ता आला आणि एका कंपनीला तिथे गोदामं बांधायची इच्छा झाली. खोरं तालुक्याच्या राखीव शेतजमिनीच्या यादीत होतं, त्यामुळे तिथे भाताशिवाय काही उभं करता येत नव्हतं. कंपनीनं कचेरीत अर्ज केला. खोरं यादीतून काढा.

कचेरीनं गावाला पत्र पाठवलं. शेतजमीन समिती बारा जूनला पाहणीला येईल. जिथे शेती होत नाही, ती जमीन यादीत ठेवायचं कारण उरत नाही.

त्रेचाळीसपैकी चौदा खाचरं पडीक होती. मालक म्हातारे झाले होते किंवा शहरात होते. बोरूसारखं गवत माणसाच्या खांद्याला लागत होतं.

पत्र आलं त्या आठवड्यात मी सेमगोललाच होतो. गावचे इजांग, म्हणजे गावप्रमुख, मो दोसिक यांच्या खाचरात लावणी करून मी गावच्या सभाघरापुढे अंगणात उभा होतो. उकाड्यामुळे दारं सताड उघडी होती. आत बायका सोयाबीनच्या थंड दुधात शेवया घालून वाढत होत्या. मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

माल्सुन आजीनं वाटी खाली ठेवली. तिचं वय तेव्हा एक्याऐंशी. उभी राहिली तरी वाकलेलीच दिसायची, पण आवाज खणखणीत.

"चौदाच्या चौदा लावायची," ती म्हणाली. "समिती यायच्या आत."

 

"अक्का, ही नाटकं कशाला?" दोसिक म्हणाले. "साहेब येणार म्हणून चार दिवस हिरवं दाखवायचं? आणि पुढच्या वर्षी?"

"पुढचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तू ब्याऐंशीची. मी चौऱ्याहत्तरचा. सकाळी मोजे घालताना मला भिंत धरावी लागते. पोरगा तिकडे सुवॉन शहरात, तो काय येतोय चिखल तुडवायला! कुणी घेत असेल तर देऊन मोकळं व्हावं."

"द्यायचंय ना? मग काल लावणी कशाला केलीस रे?"

दोसिक शेवया ढवळत राहिले. मग म्हणाले, "रिकामं खाचर डोळ्यांपुढे नको वाटतं."

"मग मला तरी काय वाटतं?" आजी म्हणाली.

त्या दुपारी आजीनं सभाघरातल्या फोनवरून एकेका मालकाला गाठलं. मी अंगणातून ऐकत होतो. एकाला तिनं त्याच्या आईची आठवण दिली, दुसऱ्याला सरळ शिव्या दिल्या. अकराजण हो म्हणाले. दोघांनी फोन उचलला नाही. एक म्हणाला, "आजी, मी कंपनीला शब्द दिलाय." आजीनं फोन ठेवला आणि बोटांवर पुन्हा मोजलं. अकरा.

रोपांची सोय थुईनं केली. थुई दूरदेशी मेकाँग नदीच्या काठच्या गावातून लग्न होऊन इथे आली, त्याला एकवीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर तिनं शेती सोडली नाही. सहकारी सोसायटीसाठी ती प्लास्टिकच्या मंडपात रोपं वाढवायची. शेजारच्या गावानं मागणी रद्द केली होती, म्हणून तिच्याकडे अडीचशे ट्रे उरले होते. रोपं तळहाताएवढी उंच झाली होती. आठवडाभरात लावली नाहीत तर पिवळी पडणार होती.

म्हणजे रोपं होती, माणसं होती, मी होतो. अडचण दोन गोष्टींची होती. पडीक जमीन नांगरून चिखलणी करायला मोठा ट्रॅक्टर हवा होता. आणि पाटानं येणारं तलावाचं पाणी दहा जूनला संध्याकाळी बंद होऊन खालच्या गावांकडे वळणार होतं. त्या दिवशी पाच तारीख होती.

थुईनं केंद्राला फोन लावला. प्यो फिटर माझी तपासणी करायला येणारच होता, तो मोटारसायकलवरून आला. त्यानं हेल्मेट काढलं आणि डोकं खाजवलं.

"ट्रॅक्टर आहे. पण ज्याचं शेत त्यालाच यंत्र, असा नियम आहे. दुसऱ्याच्या शेतात दिलं आणि कुणी तक्रार केली, तर माझी नोकरी जाईल. माझं कंत्राट दरवर्षी नवं होतं, थुईताई."

"मग आम्ही हातानं नांगरायचं का?" थुई म्हणाली. "ओक मॅडमना विचारा ना."

ओक मॅडम केंद्रप्रमुख होत्या. प्यो अंगणात फेऱ्या मारत त्यांच्याशी बोलला. बोलता बोलता थांबला, माझ्या आसनावर टेकला, आणि खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

तालुका सभेनं चार वर्षांपूर्वी एक ठराव केला होता. ज्या म्हाताऱ्या किंवा दूर राहणाऱ्या मालकांना शेत कसणं जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्रानं स्वतः यंत्र आणि चालक पाठवायचा. ठराव झाला, छापला गेला आणि कपाटात राहिला. एकाही गावानं तो वापरला नव्हता, कारण एकाही गावाला तो कुणी सांगितला नव्हता.

"फक्त एक आहे," प्यो म्हणाला. "अर्जावर इजांगचा शिक्का लागतो. अकरा शेतांचे अकरा अर्ज."

सगळे दोसिककडे बघायला लागले.

सहा तारखेला सकाळी ते अकरा कागद सभाघराच्या टेबलावर होते. दोसिक आले, चष्मा लावून एकेक कागद वाचला. सगळे वाचले. मग चष्मा काढला.

"मी शिक्का मारला, तर माझ्याच पायावर धोंडा. खोरं यादीतून सुटलं नाही तर माझी जमीन घेतो कोण?"

त्यांनी कागदांची चळत सारखी केली.

"आणि माझ्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलेलंच नाही. पुढच्या वर्षी कोण?"

"मी," थुई म्हणाली. ती दारात उभी होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात ट्रेची माती. "पण तोंडी नाही. तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाचं खाचर मी साफ केलं. दगड वेचले, बांध घातला. तोंडी बोललो होतो. दुसऱ्या वर्षी ओंब्या धरायच्या आत मालकानं जागा विकली आणि मला म्हणाला, सूनबाई, उतर आता. मी उतरले. आता पुन्हा उतरणार नाही. पाच वर्षं लेखी द्या. तालुक्यानं मध्ये उभं राहून लिहून द्यावं. मग मी अकराच काय, वीस लावीन."

"हे समितीला सांगशील?"

"सांगेन की."

दोसिकनी खिशातून लाकडी शिक्का काढला. त्याला तोंडाची वाफ दिली. पहिल्या कागदावर टेकवायच्या आधी हात तसाच धरून म्हणाले, "मी मारतो. समितीला खोरं जसं आहे तसं दिसू दे. पण त्या दिवशी मी माझंच बोलणार. माझं खाचर यादीतून काढा, असं सांगणार. मग मला फितूर म्हणायचं नाही."

"म्हणणार," माल्सुन आजी म्हणाली. "पण जेवायला वाढीन."

शिक्का अकरा वेळा वाजला. मी अंगणात उभ्या उभ्या मोजला.

सात तारखेला केंद्राचा ट्रॅक्टर गवतात शिरला. गवताची मुळं इतकी घट्ट होती, की पहिलं खाचर नांगरायलाच दुपार झाली. चिखलणी झाल्यावर चिखल एक दिवस तरी बसू द्यावा लागतो. नाहीतर रोपं उभी राहत नाहीत, आडवी होऊन तरंगतात. म्हणून ट्रॅक्टर पुढे, मी एक दिवस मागे. आठला तीन खाचरं झाली, नऊला पाच. माझ्यावर थुई बसायची. तिच्या हाताखाली मला कधी लाथ बसली नाही. वळताना ती माझे हात आधी उचलायची, मग चाक फिरवायची. पुष्कळांना हा क्रम शेवटपर्यंत कळत नाही.

तिन्ही दिवस कंपनीची पांढरी गाडी रस्त्यावर येऊन उभी राहायची. आतले लोक काच खाली करून फोटो घ्यायचे. बायका त्यांच्याकडे पाठ करून रोपांचे ट्रे वाहायच्या.

दहा तारीख उजाडली तेव्हा तीन खाचरं उरली होती. दुपारी पहिलं संपलं. दुसऱ्याच्या मध्यावर माझ्या उजव्या अंगाला काहीतरी आपटलं. खण्ण असा आवाज झाला. थुईनं लगेच मला थांबवलं. चिखलात कुंपणाचा जुना सिमेंटचा खांब गाडला गेला होता. ट्रॅक्टरच्या वरवरच्या फाळाला तो लागला नव्हता, मला लागला. माझ्या सहापैकी दोन हातांची बोटं तुटली.

प्यो धावत आला. गुडघाभर चिखलात वाकून त्यानं तुटके तुकडे चाचपून काढले.

"नवीन भाग यायला तीन दिवस."

"पाणी आज बंद होणार," थुई म्हणाली.

"मला माहीत आहे ना."

"दुसरं यंत्र?"

"सगळी बाहेर आहेत. दहा तारीख सगळ्यांचीच आहे, ताई."

थुई आसनावर बसून राहिली. मी तिच्याखाली थरथरत होतो, इंजिन चालू होतं. मला लाज वाटत होती. यंत्राला लाज वाटत नाही असं तुम्ही म्हणाल. मग त्या दुपारी मला जे वाटत होतं, त्याला दुसरा शब्द तुम्हीच सांगा.

बांधावरून माल्सुन आजी ओरडली, "ए थुई, चार हात चालू आहेत का?"

"आहेत."

"मग चालव. दोन ओळी रिकाम्या सोड. आम्ही येतो मागनं."

आणि त्या खाली उतरल्या. पाचजणी. सगळ्यात लहान एकोणसत्तरची. बूट बांधावर काढून ठेवले, विजारी वर खोचल्या. मी चार ओळी लावत पुढे जायचो, आणि माझ्यामागे, दोन रिकाम्या ओळींत, त्या वाकून रोपं रोवत यायच्या. तीन-चार रोपांची जुडी, अंगठ्यानं दाब, पुढचं पाऊल. चाळीस वर्षांत त्यांनी हातानं लावणी केली नव्हती. पण हातांना आठवत होतं, कंबरांना नव्हतं. एकजण अर्ध्यावर खाचरातच बसली. "मला इथेच लावा," म्हणाली, आणि बाकीच्या इतक्या हसल्या, की थुईला यंत्र हळू करावं लागलं.

शेवटचं खाचर अर्धं झालं तेव्हा पाटाच्या तोंडाशी तलावाचा माणूस आला. पाणी अडवायची फळी टाकायची वेळ झाली होती. त्यानं घड्याळ बघितलं, खाचरात बघितलं.

दोसिक बांधावर उभे होते. दिवसभर तिथेच होते, पण खाली उतरले नव्हते. ते त्या माणसाजवळ गेले. "सिगरेट आहे का?" म्हणाले. नव्हती. मग त्यांनी स्वतःची काढली, त्याला दिली, पेटवून दिली, आणि त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. आई केव्हाच बरी झाली होती. तरी चौकशी बराच वेळ चालली.

फळी पडली तेव्हा अकरावं खाचर भरलं होतं.

बारा तारखेला समिती आली. सातजण, छत्र्या घेऊन. माझी दुरुस्ती व्हायची होती, म्हणून मी शेवटच्या खाचराच्या बांधावरच उभा होतो. समितीचे अध्यक्ष सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते वाकून रोपांकडे बघत राहिले.

"हे दोन दिवसांपूर्वी लावलंय," ते म्हणाले. "आम्ही येणार म्हणून."

कंपनीचा माणूस मागे उभा राहून मान डोलवत होता.

"हो," थुई म्हणाली. "तुम्ही येणार म्हणूनच लावलंय. आधी पाच वर्षं तुम्ही आला नव्हता."

एक सदस्य खोकला. अध्यक्षांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ह्या दोन ओळी वाकड्या का?"

"यंत्र मोडलं. आज्यांनी हातानं लावल्या."

"आणि पुढच्या वर्षी?"

थुईनं सभाघरात सांगितलं होतं तेच इथे सांगितलं, आवाज न चढवता. पाच वर्षांचा लेखी करार, तालुक्याच्या मध्यस्थीनं. कपाटातला ठराव प्रत्येक गावात वाचून दाखवा. आणि तालुक्याच्या शाळांत दुपारी मुलं जेवतात, तो तांदूळ कुठून येतो ते बघा. "इथून पाच किलोमीटरवर शाळा आहे, साहेब. तिथे दुसऱ्या प्रांतातला तांदूळ शिजतो. आमचा घ्या."

मग दोसिक पुढे झाले. बोलल्याप्रमाणे बोलले. रस्त्याच्या कडेचं त्यांचं खाचर यादीतून काढावं, त्यांना झेपत नाही, आणि झेपत नाही हे सांगायला त्यांना लाज वाटत नाही. अध्यक्षांनी लिहून घेतलं. परत जाता जाता दोसिक थांबले आणि म्हणाले, "बाकीच्यांचं मात्र ऐका. ह्या बाया खोटं करत नाहीत. मी शिक्का मारलाय."

निकाल यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आजी रोज टपालवाल्याच्या वाटेवर बसायची, म्हणे.

खोऱ्याच्या तोंडाशी रस्त्याला लागून असलेली सहा खाचरं यादीतून निघाली. दोसिकचं त्यात होतं. बाकी सदतीस राहिली. पडीक जमीन तालुक्यानं मालकांकडून पाच वर्षांसाठी घेऊन थुईला दिली, लेखी. शाळेच्या तांदळाचं काम दोन वर्षं रखडलं, मग झालं.

आम्ही पूर्ण जिंकलो असं मी म्हणणार नाही. गोदाम उभं राहिलं. त्याचे दिवे खाचरांवर पडायला लागले आणि जवळचं भात ओंब्याच धरेना, कारण भाताला अंधार लागतो. थुईनं पुन्हा कचेरी गाठली. तीन खेपा घातल्या. शेवटी तालुक्यानं कंपनीला दिव्यांवर झापडं बसवायला लावली. दोसिक सुवॉनला मुलाकडे गेले आणि आठ महिन्यांत परत आले. आता सभाघरात बसतात, आणि दुसऱ्यांच्या खाचरांतलं पाणी कमी आहे की जास्त, ते सांगत असतात. माल्सुन आजी परवाच्या हिवाळ्यात गेली. तिला खोऱ्याच्या वरच्या उतारावर, सगळी खाचरं दिसतील अशा जागी पुरलं आहे.

माझं आता वय झालंय. इंजिन तेल पितं, फळी गंजली आहे. गेल्या आठवड्यात प्योनं मला मोडीत काढायच्या कागदावर सही केली. सही करून बराच वेळ माझ्या आसनावर हात ठेवून उभा होता. भंगारवाला सोमवारी येणार आहे. मला त्याचं दुःख नाही. बारा हंगाम, एकशे चाळीसच्या वर घरं. कुठल्या यंत्राला इतकी घरं मिळतात?

काळजी वेगळीच आहे. तालुका सभेत काहीजण म्हणायला लागलेत, की जुन्याच्या जागी नवं यंत्र घेऊ नये, केंद्रच बंद करावं, शेजारच्या तालुक्याच्या केंद्रात मिसळावं. इतक्या थोड्या शेतकऱ्यांसाठी एवढी शेड कशाला? थोडे आहेत म्हणूनच शेड हवी, हे त्यांना कोण सांगणार? जो भरपूर कसतो, तो आपलं यंत्र घेतो. ज्याची दोन खाचरं आहेत, तो चाळीस किलोमीटर जाऊन यंत्र आणणार नाही. तो गवत वाढू देईल. मग पत्र येईल, की जिथे शेती होत नाही...

आज सकाळी थुई आली होती. केसांत पांढरे दिसायला लागलेत. तिच्याबरोबर एक तरुण जोडपं होतं, ग्वांगजू शहर सोडून सेमगोलला राहायला आलेलं, चार खाचरं घेतलेलं. त्यांनी वहीत पहिल्यांदाच नाव लिहिलं. तारीख लिहिली, चार ते सहा जून. खाचरं लिहिली. यंत्र क्रमांकाच्या रकान्यापाशी त्या मुलीचा हात थांबला.

"इथे काय लिहू?"

थुईनं माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे.

"तो रकाना राहू दे," ती म्हणाली. "गुरुवारी सभा आहे. मी जाणार आहे."

सभेतल्या सदस्यांनो, मी तुमच्याच शिक्क्यानं इथे आलो होतो. आता तुमच्याच शिक्क्यानं जातोय. मला थांबवू नका. पण गुरुवारी ती वही मागवून घ्या. चार जूनचं पान काढा. तिथे एक रकाना कोरा आहे. तेवढा भरा.